खाचेवरची बुक्की

आमच्या मोहल्ल्यात बोटांनी ताल धरला की मार पडायचा. खोटं सांगत नाही. ताटावर, दप्तरावर, सायकलच्या सीटवर, कशावरही टकटक केलं की जवळ असेल तो मोठा माणूस हाणायचा, आणि तो आपल्या घरचाच असला पाहिजे असंही काही नव्हतं. मी सात-आठ वर्षांची असेन. जेवायला बसून वरणाची वाट बघत ताट बडवत होते. बाबांनी ते ताट माझ्या हातातून हिसकावून अंगणात भिरकावलं आणि कानाखाली अशी काढली की संध्याकाळपर्यंत त्या कानानं ऐकू येईना.  आईनं दुसरं ताट आणून मांडलं. मी रडले नाही, त्याच तिरमिरीत जेवले. राग आमच्या घरात वाटून खाण्याइतका होता आणि माझ्या वाट्याला जरा जास्तच आला आहे.

कारण कोणी सांगत नसे. एवढं माहीत होतं की आबा, म्हणजे माझे आजोबा, गावाचे वाजंत्री होते. लग्न असो, मयत असो, पोळा असो, गळ्यात डफडं अडकवून लोकांच्या दारात वाजवायचं आणि देतील ते शिळंपाकं घेऊन यायचं, हे आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. दीक्षा घेतली तेव्हा मोहल्ल्यानं ठरवलं की मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि कुणाच्या दारात डफडं वाजवायचं नाही. पुढं ते आणखी कडक झालं. 'चामड्याचं आमच्यात वाजत नाही' असं एक वाक्यच तयार झालं होतं, आणि ते पाहुण्यांनासुद्धा तोंडावर ऐकवलं जायचं. आबांची पाठ एका बाजूला वाकलेली होती आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. मोहाच्या झाडावरून पडले, असं आम्हा पोरांना सांगितलेलं होतं. आम्हीही मानलं. मोहाच्या दिवसांत झाडावरून कोणी ना कोणी पडतंच.

पण लग्न म्हटलं की वाजा हवाच. मग गोंदियाहून बँड यायचा. क्लॅरिनेट, कॉर्नेट, ते मोठं पितळी भोंग्याचं वाद्य, सगळं इंग्रजी. ह्या वाद्यांना जात नव्हती, निदान आमच्यापर्यंत येताना तरी ती त्यांना चिकटलेली नव्हती. मात्र बँडवाल्यांचा ढोल मोहल्ल्याच्या तोंडाशीच थांबवायचे. आत फक्त पितळ आणि लाकूड यायचं. बिनढोलाची वरात पाहिली आहे का तुम्ही कधी? मी पाहिली आहे, आणि नाचले आहे तिच्यात. कुणाचा पाय कुठं पडतोय ते ज्याचं त्याला माहीत.

बाबा राइस मिलमध्ये हमाली करत. मी सुरात गाते असं कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी मला गोंदियाच्या रेल्वे कॉलनीतल्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती मास्तरांकडं नेलं. मास्तरांनी व्हायोलिन पुढं केलं. बाबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, आत डोकावून पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, ह्याच्यात कुठं चामडं नाही ना? मास्तर म्हणाले, लकडी है, तार है, बस. झालं, मी व्हायोलिन शिकले. पुढं नागपूरला शिकायला गेले तेव्हा कळलं की जुन्या काळी ह्याच्या तारा मेंढराच्या आतड्याच्या असायच्या. हे बाबांना मी आजतागायत सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

आता मी गोंदियातच शाळेत संगीत शिकवते. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडंच असतात. शिकवण्याच्या जोडीला मी रचना करते, व्हायोलिन, चेलो म्हणजे व्हायोलिनचं घोगऱ्या आवाजाचं मोठं भावंड, क्लॅरिनेट असं घेऊन. वर्षानुवर्षं त्या रचना बऱ्या होत्या. नागपूरला एकदा माझं वाजवून झाल्यावर एका जाणकारानं मला सांगितलं की तुमचं संगीत फार सभ्य आहे. मला तो शब्द असा झोंबला की मी त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. त्याला काहीच समजलं नाही, बिचारा बशी धरून उभा राहिला. परतीच्या गाडीत मात्र मला पटलं की तो बरोबर बोलला. आमच्या घरात कधीच काही सभ्य झालं नव्हतं, आणि माझ्या संगीतात बघावं तर सगळे एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही करत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कोहमाऱ्याला मला ती चाल भेटली. एस.टी. ढाब्यावर थांबली होती. बाजूला एका वरातीच्या गाड्या थांबल्या होत्या आणि चहा येईपर्यंत वाजंत्री वाजवत होता. डफडं. पस्तिशीचा माणूस, पानानं तोंड लाल, एका हातात जाड काठी, दुसऱ्यात बारीक काडी. ताल सरळ चालायचा, चालायचा, आणि मधेच एक ठोका उशिरा यायचा. पुन्हा चालायचा आणि पुन्हा एका ठिकाणी अडायचा. ती खाच अशी होती की ऐकणाऱ्याचा श्वास तिच्यात पडावा. आणि वरातीतली पोरं नेमकी त्या खाचेवर एकमेकांच्या पाठीत बुक्की घालत होती. धप्प. सगळी खिदळत होती. ज्याला बुक्की बसे तो वाकून उठे आणि पुढच्या खाचेवर दुसऱ्याला घाली.

मी चहा तसाच टाकून त्याच्याकडं गेले. ही चाल कुठली, विचारलं. तो म्हणाला की आमच्या बापानं शिकवली, आमच्याकडं पोळ्याले, होळीले हेच लागते, हे नाही वाजवलं तर पोट्टे सोडत नाहीत. बुक्कीचं काय, तर म्हणाला, ते बी पहिलेपासूनच आहे. मी त्याचा नंबर घेतला. माझी एस.टी. निघून गेली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आता नीट सांगते मला काय हवं होतं, म्हणजे पुढचं सगळं कळेल. मला डफडं आणि चेलो समोरासमोर बसवायचे होते. आमच्या घरातून मारून हाकललेला आवाज मला घरात परत आणायचा होता, चाकरी म्हणून नाही, माझं म्हणून. आणि तो बाबांसमोर वाजायला हवा होता. त्यांनी शेवटपर्यंत बसून ऐकलं पाहिजे. ते उठून गेले तर जगानं टाळ्या वाजवल्या तरी माझ्या दृष्टीनं ते सगळं मुसळ केरात.

रचना लिहायला उन्हाळा गेला. दोन व्हायोलिन, एक माझं आणि एक माझ्या विद्यार्थिनीचं, क्लॅरिनेट, चेलो आणि डफडं. चेलो वाजवायला पुण्याहून माझी एक जुनी ओळखीची बाई आली. वाजवते फार सुंदर, पण बोलते फार. आल्या आल्या तिला नागझिऱ्याला वाघ बघायचा होता. वाघ दिसला नाही, त्याचा राग तिनं दोन दिवस माझ्यावर काढला, जणू मीच त्याला लपवून ठेवला होता. ती खाच मात्र तिनं ऐकली आणि गप्पच झाली. मग म्हणाली, अगं, ह्या एका थांबण्यासाठी लोक आयुष्यभर शिकतात. मी तिला बुक्कीची गंमत सांगितली. तिला ती इतकी आवडली की तालीम सुरू होण्याआधी ती क्लॅरिनेटवाल्या म्हाताऱ्याच्या पाठीत हळूच बुक्की घालायची आणि आम्ही सगळे हसायचो.

बाबांना मी इतकंच सांगितलं होतं की नवीन बसवतेय. डफड्याचं त्यांना थेट सभागृहात कळावं, लोकांसमोर, जिथं ते हात उगारणार नाहीत, असा माझा हिशेब. हिशेब कसला, भ्याले होते मी. पन्नाशी जवळ आली तरी बापाच्या हाताला भिते मी.

एका रविवारी शाळा बंद म्हणून तालीम माझ्याच घरी ठेवली. बाबा एका लग्नाला गेले होते, दुसऱ्या दिवशी येणार होते. वाजंत्र्यानं अंगणात कागद पेटवून डफडं शेकलं. शेकल्याशिवाय त्याचं चामडं ताणत नाही, आवाज बसका येतो. मग आम्ही सुरू केलं. अर्ध्यावर आलो असू. चेलो खालून घोगरा चढत होता, डफडं त्याच्यावर चालत होतं, खाच येत होती, जात होती, आणि मी डोळे मिटले होते. डोळे उघडले तर दारात बाबा उभे होते. हातात पिशवी, पायात चपला.

ते दुसऱ्या खाचेपर्यंत तसेच उभे राहिले. मग त्यांनी पिशवी टाकली, कोपऱ्यातला माझा लोखंडी नोटेशन स्टँड उचलला आणि वाजंत्र्याच्या डोक्यात घातला. त्या माणसाला कळलंही नाही. तो खुर्चीसकट आडवा झाला. बाबांनी डफड्यावर पाय दिला, चामडं फाटलं, मग कड्यावर स्टँडचे तडाखे, एकामागून एक. क्लॅरिनेटवाला भिंतीला चिकटला. चेलोवाली चेलो मिठीत धरून किंचाळत होती. मी बाबांना मागून धरलं तर त्यांनी कोपर मारलं, माझा ओठ फुटला. पंचाहत्तरीच्या माणसात इतकं बळ कुठून येतं? शेवटी मी आणि तालमीला आलेल्या माझ्या दोन विद्यार्थिनींनी मिळून त्यांना खाली बसवलं, बसवलं म्हणजे दाबून ठेवलं. वाजंत्र्याची भुवई फाटली होती, रक्त डोळ्यात उतरत होतं. तो जमिनीवर बसून एवढंच विचारत होता, "म्हातारा काऊन मारून राहिला मले? मी काय केलं?"

त्याला टाके घालून आणले. चेलोवाली तिच्या खोलीत दार लावून बसली. मग मी बाबांसमोर उभी राहिले आणि माझ्या तोंडात येईल ते बोलले. चामडं, चामडं, चामडं! आमची अख्खी जिंदगी तुम्ही एका चामड्यापायी मुकी केली, असं मी ओरडले. शेजारी गच्चीवर येऊन बघत होते. बघू दे म्हटलं.

 बाबांनी विचारलं, "हे चाल कुठून आणली तुनं?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "ते जे थांबते ना मधी, तू डोळे मिटून ऐकत होती ते. तिथं मार बसे."

मग त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्यांच्या शब्दांत मला सांगवत नाही. दीक्षेनंतर दोनेक वर्षांनी पोळ्याच्या दिवशी आबांना गावातून वाजवायला बोलावणं आलं. आबा नाही म्हणाले. मग चार माणसं येऊन त्यांना ओढत चौकात घेऊन गेली. बाबा आठ वर्षांचे होते, मागोमाग पळत गेले. डफडं आबांच्या गळ्यात घातलं आणि वाजव म्हणाले. आबा थांबले की पाठीत काठी. वाजवू लागले तरी पाठीत काठी, कारण मघाशी नाही का म्हणाला होतास. मार बसला की हात अडायचा, मग पुन्हा चालायचा. गाव भोवती उभं राहून बघत होतं. आबा मोहाच्या झाडावरून कधीच पडले नव्हते.

मला आठवलं की आम्ही क्लॅरिनेटवाल्याच्या पाठीत बुक्की घालून हसायचो. 

बाबांचं म्हणणं सरळ होतं, ते काढून टाक. दुसरं कोणी असतं तर काढलं असतं. पण माझा स्वभाव बापावर गेला आहे, मला कोणी काढ म्हटलं की मी आणखी घट्ट धरते. मी म्हणाले, काढणार नाही. लोक पासष्ट-सत्तर वर्षं माझ्या आजोबाच्या पाठीवर नाचताहेत आणि त्यांना ते माहीतही नाही. मी असं करते की ह्यापुढं त्यावर कुणाला नाचताच येणार नाही. बाबा म्हणाले, तू काय करशील? मी म्हणाले, येऊन बघा. त्यांनी पुन्हा हात उगारला, पण मारलं नाही. उठून आत गेले.

मी रचना बदलली. आधी खाच रिकामी होती, आता तिच्यात फटका लिहिला. चेलोवालीनं गजाच्या, म्हणजे बोच्या, लाकडानं तारांवर मारायचं, क्लॅरिनेटनं किंचाळायचं, व्हायोलिननं तारा अशा ओढायच्या की तुटतील की काय वाटावं. चेलोवाली म्हणाली, अगं, सौंदर्य त्या रिकाम्या जागेत होतं, तू ते भरून टाकतेयस. मी तिला म्हणाले की तुला रिकामी जागा दिसते, तिथं माझा आजोबा आहे, आणि आता पुन्हा सौंदर्य हा शब्द काढलास तर पुण्याच्या गाडीत बसवून देईन. ती रडली. मग डोळे पुसून तिनं तारांवर असं काही लाकूड हाणलं की मीच दचकले. मी म्हटलं, हे बघ, हे पाहिजे.

वाजंत्री परत येईल असं वाटलं नव्हतं. तो आला, भुवईला पट्टी, नवं चामडं चढवून. त्याला मी सगळं सांगितलं होतं. तो खाली बघून म्हणाला की मले मालूम नव्हतं बाई, आमच्या बापालेबी मालूम नसन. आणि वाजवायला बसला.

कार्यक्रम गोंदियाच्या एका सभागृहात संध्याकाळी होता. मागच्या मोकळ्या जागेत खोकी पेटवून डफडं शेकलं, कारण आत एसीनं चामडं सैल पडत होतं. चौकीदार 'आग लगाओगे क्या' म्हणून भांडला, मी त्याच्याहून मोठ्यानं भांडले. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर बाबा पहिल्या रांगेत बसले होते. पांढरा सदरा, दोन्ही हात गुडघ्यांच्या मधे दाबलेले. ते आले होते. खात्रीसाठी मी फटीतून पुन्हा एकदा पाहिलं. मागच्या रांगांत वाजंत्र्याच्या गावची पोरं ट्रॅक्टर भरून आली होती, आपला माणूस स्टेजवर वाजवणार म्हणून.

सुरुवात छान झाली. तारा वाजल्या, क्लॅरिनेट वर गेलं. मग डफडं आत आलं आणि मागून शिट्ट्या पडल्या. सुरुवातीला मी खाच रिकामीच ठेवली होती, लोकांना सवय व्हावी म्हणून. पोरं उठली आणि बुक्क्या सुरू झाल्या. मी मनात म्हटलं, नाचा लेकहो, येतेच आता.

पहिला फटका पडला. सगळं सभागृह दचकलं. पुढच्या रांगेतली माणसं खुर्चीत मागं सरकली. मला बरं वाटलं, सूड घेतल्यासारखं बरं वाटलं. दुसऱ्या फटक्याला मागची पोरं ओरडली, पण आनंदानं. तिसऱ्याला त्यांनी बुक्की अगदी फटक्यावर बसवली. कशी चुकेल? आजवर त्यांना खाच अंदाजानं पकडावी लागायची, आता मी चार वाद्यांनिशी त्यांना इशारा देत होते. त्यांना असं मोठं वाजवून कोणी कधी दिलंच नव्हतं. उन्हाळाभर डोकं फोडून मी काय केलं, तर त्यांचा नाच आणखी चांगला केला.

माझं बोट तारेवर, नजर बाबांवर. प्रत्येक फटक्याला त्यांचे खांदे उडत होते. मग ते उठले. मला वाटलं, गेले, निघून चालले, संपलं सगळं. पण ते दाराकडं न जाता त्या पोरांकडं गेले. त्यांच्यात शिरले, हात वर करून काहीतरी सांगत होते, थांबा म्हणत असतील, मला ऐकू येत नव्हतं, मी वाजवत होते. पोरांना वाटलं म्हातारा नाचायला आला. एकानं त्यांना प्रेमानं मधे घेतलं. फटका आला आणि त्यानं बाबांच्या पाठीत बुक्की घातली.

बाबा एका गुडघ्यावर खाली गेले.

मी स्टेजवरून उडी मारली. व्हायोलिन कुठं ठेवलं ते मला आजही आठवत नाही, गज तेवढा हातात होता. त्या पोराच्या तोंडावर मी तो सपकन ओढला, परत ओढला, तो मोडला तर मोडलेल्या लाकडानं मारलं. कोणीतरी माझे केस धरले, मी त्याच्या हाताला चावले. खुर्च्या पडल्या. 'पागल है क्या ये औरत,' कोणीतरी ओरडलं. हो, होते पागल. दिवे लागले, डफडं थांबलं, आणि तेवढ्यात बाबांनी माझं मनगट पकडलं. तो हात मला ओळखीचा आहे. त्यांनी मला ओढत मागच्या दारानं बाहेर नेलं.

बाहेर खोक्यांचा विस्तव अजून धुमसत होता. माझ्या हाताला रक्त होतं, कुणाचं ते माहीत नाही. मी म्हणाले, बाबा, नालायक नाचले हो, मी आबांचा मार वाजवला आणि ते नाचले.

"तेव्हाबी नाचले होते," बाबा म्हणाले.

ते पायरीवर बसले. धोतराला गुडघ्यावर धूळ लागली होती ती झटकत राहिले. मग खालीच बघत बोलले.

"तुले मी अर्धंच सांगितलं होतं. आबा पडला. उठून नाई राहिला. मंग त्याच्या गळ्यातलं काढून माझ्या गळ्यात टाकलं. म्हणे, पोट्ट्या, आता तू वाजव. मी वाजवलं. आबाचा हात मारानं जिथं जिथं अडला होता, तिथं माझाबी हात अडे. मले तसंच पाठ झालं होतं. मले कोणी मारलं नाई, पोरी. एक बुक्की नाई. वाहवा केली. आबा तिथंच पडून होता, त्याच्या बाजूनं नाचले ते. अन् मी वाजवूनच राहिलो."

मी विचारलं, कधीपर्यंत?

"कोणीतरी थांब म्हणे तवपर्यंत. दुसऱ्या सालच्या पोळ्याले बाहेरून वाजंत्री आणला. त्याले म्हणे, त्या पोट्ट्यासारखं वाजव."

मला कुणाला तरी मारावंसं वाटत होतं आणि मारायला कोणी उरलं नव्हतं. मी त्यांच्या बाजूला पायरीवर बसले. त्यांना जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण आमच्या घरात ती सवय नाही. आम्ही विस्तव विझेपर्यंत बसलो आणि मग ऑटो करून घरी आलो.

त्या पोराच्या गालाला चार टाके पडले. त्याच्या घरी जाऊन मी माफी मागितली नाही. बाबांना कळल्यावर तेच जाऊन आले, काय बोलले ते मला सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात चेलोवालीचा पुण्याहून फोन आला. तिकडं एका मोठ्या महोत्सवात तिला ती रचना हवी होती, फटक्यांसकट. ते लोक फार उत्सुक आहेत म्हणाली. कार्यक्रमपत्रिका छापायला द्यायचीय, तालाच्या पुढं 'पारंपरिक, गोंदिया जिल्हा' असं लिहू ना? मी म्हणाले, पारंपरिक नाही तो. तो ज्यानं बसवला तो माणूस जिवंत आहे, बसवला तेव्हा आठ वर्षांचा होता, आणि आत्ता माझ्या स्वयंपाकघरात भात खातोय. थांब, त्याला विचारते.

फोन हातात धरून मी बाबांना विचारलं. त्यांनी तोंडातला घास संपवला.

"तिले सांग," ते म्हणाले, "ज्यानं बसवला तोच आता थांब म्हणते."

मी तिला तेवढंच सांगितलं. म्हाताऱ्यांना जरा समजावता नाही का येणार, असं तिनं विचारलं, त्यावर मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.